फिलिपिनो जेवण: कालवण, भात आणि हरतऱ्हेचं आंबट

माडाखालची

मनिलात येऊन मला सहा वर्षं झाली. मी मूळची वेंगुर्ल्याची. मासे-भात मिळाला की आपलं निभेल, एवढ्या भरवशावर इथे आले. निभलं तर खरंच, पण त्याहून बरंच काही मिळालं. मराठीत या जेवणाबद्दल फारसं लिहिलेलं दिसत नाही, आणि जे दिसतं ते बहुतेक 'बलुत' या अर्धवट वाढलेल्या पिल्लाच्या अंड्यापाशी सुरू होऊन तिथेच संपतं. म्हणून हा धागा. फिलिपिनो जेवण खाणाऱ्या, रांधणाऱ्या सगळ्यांनी इथे लिहा.

सुरुवात खानावळीपासून करते. साध्या खानावळीला इथे कारिंदेर्या म्हणतात. टेबलावर अ‍ॅल्युमिनियमची पातेली ओळीने मांडलेली असतात. आपण झाकण उचलून बघायचं आणि हवं त्याच्याकडे बोट दाखवायचं. म्हणून अशा खानावळीला 'तुरो-तुरो' असंही म्हणतात. 'तुरो' म्हणजे बोटाने दाखवणं. भात म्हणजे 'कानिन', आणि भाताबरोबर जे खायचं ते सगळं 'उलाम'. ऑफिसातल्या मैत्रिणी मला उलामचा अर्थ इंग्रजीत सांगायला गेल्या की अडखळायच्या. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. कालवण! कोरडं असेल तर तोंडीलावणं. भात हेच जेवण आणि बाकी सगळं त्याच्यासाठी, हे कोकणातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. भाताबरोबर वाटीभर गरम पाणीदार रस्सा, 'साबाव', बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो.

पहिल्यांदा सिनिगांग खाल्लं ते अशाच एका कारिंदेर्यात. कोळंबी, मुळा, कांकोंग नावाची पालेभाजी, चवळीच्या लांब शेंगा, अळकुडी, टोमॅटो, एक लांब हिरवी मिरची, आणि चिंच. एक घोट घेतला आणि वाटलं, बाईंची फोडणी राहिली. हळद नाही, तिखट नाही, खोबरं नाही. नुसतं पाण्यासारखं स्वच्छ आंबट. अर्धी वाटी तशीच ठेवून उठले.

ते मला समजलं दोन महिन्यांनी, शेजारच्या आतेंकडे. 'आते' म्हणजे ताई. इथे मोठ्या बाईला, भाजीवालीलासुद्धा, आते म्हणूनच हाक मारतात. जून-जुलैचा पाऊस, खाली रस्त्यात गुडघाभर पाणी, आणि मी तापाने फणफणलेली. आते दार वाजवून आत आल्या आणि आमच्या ओट्यावर सिनिगांग करायला लागल्या. तांदळाचं पहिलं धुवण त्यांनी फेकलं आणि दुसरं पातेल्यात घेतलं. त्याने रश्शाला थोडं अंग येतं. कोवळ्या हिरव्या चिंचा सालीसकट उकडल्या, मऊ झाल्यावर चमच्याने गाळणीत दाबून दाबून गर काढला. गाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गरही बोटाने निपटून घेतला. आधी कांदा, टोमॅटो, अळकुडी. अळकुडी थोडी विरघळून रस्सा दाट होईपर्यंत बाकी कशाला हात लावला नाही. मग मुळा, शेंगा, कोळंबी, आणि कांकोंगचा पाला अगदी शेवटी, आच बंद करून. मला वाटी दिली आणि समोर बसून राहिल्या. तापात जिभेला कशाचीच चव नव्हती. ते आंबट तेवढं लागलं. त्या दिवशी फोडणीची आठवण झाली नाही.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, आणि याच धाग्यावर मला ते मांडायचंय. फिलिपिनो स्वयंपाकाला 'मसाला नाही' असं म्हणणारे चुकीच्या कप्प्यात शोधतात. आपल्याकडे मसाल्याचा डबा असतो, तसा यांच्याकडे आंबटाचा डबा आहे. चिंच, कैरी, पेरू, कालामांसी नावाचं चिमुकलं लिंबू, आणि 'कामियास', म्हणजे आपली बिंबलं! पश्चिम विसायासमध्ये, इलोइलोकडे, 'बातुआन' नावाचं हिरवं गोल फळ वापरतात. ते आपल्या रातांब्याच्याच कुळातलं. आपण सोलं वाळवून घालतो, ते अख्खं फळ घालतात. शिवाय व्हिनेगर चार-पाच तऱ्हेचं. सिनिगांगमध्ये पेरू घातला तर ते वेगळं कालवण होतं, कामियास घातलं तर वेगळं. कोणत्या माशाला कोणतं आंबट, यावर इथल्या बायका आपल्या आयांसारख्याच ठाम असतात.

दुसरी गोष्ट 'सावसावान'. प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक छोटी वाटी. त्यात व्हिनेगर, पातीस म्हणजे माशाचं खारं पाणी, सोया सॉस, कालामांसी, मिरची, लसूण यांतलं हवं ते ज्याने त्याने आपलं कालवायचं. स्वयंपाक करणारीला त्याचा राग येत नाही. पदार्थाची शेवटची चव खाणाऱ्याच्या बोटांत आहे, हे तिने आधीच धरलेलं असतं. आमच्या ऑफिसात सहा जणी एकच तळलेला मासा सहा चवींनी खातात.

तुमचं सांगा आता.

---

गॅलीतला_चीफ

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी रत्नागिरीचा, बोटीवर इंजिनमध्ये. तेवीस वर्षांत निम्म्याहून जास्त बोटींवर स्वयंपाकी फिलिपिनो होते, त्यामुळे मनिला न बघताच मी हे जेवण जेवलोय.

एका टँकरवरचे चीफ कुक इलोइलोचे होते. त्यांच्या गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी एक बाटली कायम बांधलेली असायची, समुद्र खवळला तरी पडू नये म्हणून. माडाच्या व्हिनेगरमध्ये लसूण, आलं, काळी मिरी आणि भरपूर तिखट मिरच्या. नाव 'सिनामाक'. व्हिनेगर संपत आलं की वरून नवं ओतायचे, मिरच्या त्याच. त्यांना मी 'कुया' म्हणजे दादा म्हणायचो.

एकदा त्यांनी 'कादयोस, बाबोय, लांगका' केलं. मी पातेल्यात डोकावलो तर ओळखीचे दाणे. कुया म्हणाले, कादयोस. मी म्हटलं, अहो, ही तर तूर! लांगका म्हणजे फणस, कच्चा कुयरीचा. बाबोय म्हणजे डुक्कर. आणि आंबटाला ताईंनी सांगितलेलं ते बातुआन, मिठात घालून बरणीत आणलेलं. तुरीच्या काळ्या सालीने रस्सा जांभळट-करडा होतो, दिसायला काही खास नाही. पण तूर, फणस आणि सोलांच्या कुळातलं आंबट एका पातेल्यात, तेही अरबी समुद्रापासून हजारो मैलांवरच्या गावचं! मी त्यांना सांगितलं की आमच्या घरामागे ही तिन्ही झाडं आहेत. त्यांना खरं वाटेना. पुढच्या वेळी घरून सोलांचं पुडकं घेऊन गेलो. त्यांनी एक सोल तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बातुआनचा भाऊ."

दर शुक्रवारी मूग. अख्खे हिरवे मूग, लसूण-कांदा-टोमॅटोवर परतून, पातळसर. कॅथलिक लोक उपवासाच्या शुक्रवारी मांस टाळतात, त्यातून ही रीत पडली आणि पुढे वर्षभराचीच झाली. आमच्यातले शाकाहारी खलाशी शुक्रवारची वाट बघत असत.

---

पाटावरवंटा

मी पुण्यात. लेकीच्या हट्टापायी घरी आदोबो, म्हणजे व्हिनेगर-सोया सॉसमध्ये शिजवलेली कोंबडी, केला. नुसता घशाला झोंबणारा आंबट झाला, आणि रंग काळाकुट्ट. बाजारातलं साधं पांढरं व्हिनेगर आणि आपल्याकडचा गडद सोया सॉस वापरला. कृती तर अगदी सोपी दिसते. माझं नेमकं कुठे चुकलं?

---

माडाखालची

@पाटावरवंटा, काकू, चूक तुमची नाही. कृती लिहिणारे दोन गोष्टी लिहायच्याच विसरतात, कारण इथे त्या सगळ्यांना ठाऊक असतात.

पहिली: व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही. झाकणही ठेवायचं नाही. झोंबणारा वास वर उडून जाऊ द्यायचा. आतेंनी माझ्या हातातून उलथनं काढूनच घेतलं होतं.

दुसरी: व्हिनेगर कुठलं. इथलं घरगुती व्हिनेगर माडाच्या किंवा नीपा पामच्या ताडीचं नाहीतर उसाच्या रसाचं, आंबून तयार झालेलं, सौम्य. तुमच्याकडे गोव्याचं माडाचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या. पोर्क विंदालूला लागतं ते. माडावर चढून सूर काढायची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे. आपल्याकडे भंडारी आणि गोव्यात रेंदेर जे करतात, तेच इथे 'मानांगेते' करतो. ताडीला इथे 'तुबा' म्हणतात. मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ स्पॅनिश गलबतं जायची, त्यांवरच्या फिलिपिनो खलाशांनी ही विद्या तिकडे नेली. मेक्सिकोत आजही तिला 'तुबा'च म्हणतात.

आता माप. किलोभर कोंबडी, हाडासकट. अर्धी वाटी माडाचं व्हिनेगर. साधं पांढरंच असेल तर पाव वाटी आणि तेवढंच पाणी. सोया सॉस पाव वाटी, गडद असेल तर दोन चमचेच. लसणाचा एक अख्खा गड्डा ठेचून, चमचाभर अख्खी मिरी, वाटीभर पाणी. तेजपत्ता दोनच पानं, कारण इथलं 'लॉरेल' वेगळं. आपला तेजपत्ता दालचिनीच्या घरातला, जास्त झाला तर बिर्याणीचा वास येतो. सगळं एकत्र, मंद आचेवर पाऊण तास. मग तुकडे बाहेर काढून थोड्या तेलात लालसर परतायचे, रस आटवायचा आणि पुन्हा एकत्र करायचं. सोया सॉस न घालता केलेला पांढरा आदोबोही असतो, 'आदोबोंग पुती'. तो जुना प्रकार मानतात. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांबरोबर आला. आदोबो हे नाव मात्र स्पॅनिश. स्पॅनिशांनी इथल्या लोकांना व्हिनेगरमध्ये शिजवताना पाहिलं आणि आपल्याकडचा शब्द त्याला लावला. १६१३ च्या तागालोग शब्दकोशात 'इथल्या लोकांचा आदोबो' अशी नोंद आहे. म्हणजे रांधणं यांचंच, नाव तेवढं परक्याचं.

आणि लगेच खाऊ नका. दुसऱ्या दिवशी खा.

---

सातवा_गल्ली

मी दुबईत. इथल्या सत्वा भागात फिलिपिनो खानावळी भरपूर आहेत. आमच्या दवाखान्यातल्या नर्स मला पहिल्यांदा घेऊन गेल्या. वाढदिवस होता, म्हणून शेवयांचं 'पांसित' मागवलं. शेवई लांब तसं आयुष्य लांब, त्यामुळे तोडून खायची नाही म्हणाल्या. जोडीला गोड स्पॅगेटी, त्यात सॉसेजचे काप. माझ्या मुलांना ती इतकी आवडली की आता घरी दुसरी चालत नाही. त्या गोडीला केळ्याचं केचप लागतं. मारिया ओरोसा या अन्नरसायनशास्त्रज्ञ बाईंचं नाव त्यासाठी घेतात. टोमॅटो कमी आणि केळी भरपूर, म्हणून केळ्याचं केचप. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या गेल्या.

एक प्रश्न. कारे-कारे म्हणजे आपली करीच का? एका नर्सने मला तसं सांगितलं.

---

माडाखालची

@सातवा_गल्ली, इथेही बरेच जण तसं सांगतात. १७६२ ते १७६४ ब्रिटिशांनी मनिला घेतली होती, आणि त्यांच्याबरोबर मद्रासेहून आलेले काही शिपाई मनिलाजवळच्या काइंता गावात कायमचे राहिले. तिथून ही गोष्ट जोडतात. मला ती नुसती कानाला गोड वाटते. कारे-कारेत शेंगदाण्याचं वाटण आणि बैलाची शेपटी असते. वरून बागोओंग घेतल्याशिवाय ते अळणीच लागतं. करीचं त्यात मला तरी काही सापडत नाही.

बागोओंगबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. तुम्हा कोकणातल्यांना जवळा माहीत आहे. तोच जवळा, इथे 'आलामांग'. आपण उन्हात वाळवतो, हे मिठात मुरवतात. हिरव्या कैरीच्या फोडीला बागोओंग लावून खाणं हा इथला दुपारचा खाऊ. मी पहिल्यांदा खाल्लं आणि डोळ्यांसमोर आजीची कैरी आणि जवळ्याची चटणी उभी राहिली.

सुक्या माशांचंही तेच. सकाळी सकाळी 'तुयो' तळला की आख्ख्या मजल्याला कळतं. वेंगुर्ल्याला बांगडा भाजला की वाडीला कळायचं. तुयो व्हिनेगरमध्ये बुडवून लसणीच्या परतलेल्या भाताबरोबर खातात. काहीजण चॉकलेट घातलेल्या भाताच्या खिरीबरोबर, 'चांपोरादो'बरोबरसुद्धा. गोड खिरीचा एक चमचा, मग खाऱ्या माशाचा तुकडा. पावसाळ्यात खाऊन बघा.

---

लातूरची_आई

नमस्कार. माझा मुलगा दावावला डॉक्टरकी शिकायला गेला आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी. वसतिगृहातल्या मेसचा कंटाळा आला म्हणतो, पण बाहेर खायला घाबरतो. ज्यात मांस नाही असं सांगून दिलेल्या भाजीत त्याला कोळंबी सापडली. तेव्हापासून तो भात आणि केळी खातो. फोनवर मला म्हणाला, "आई, मी जेवलो," तर त्याच्या आवाजावरूनच कळतं. काय सांगू त्याला?

---

माडाखालची

@लातूरची_आई, ताई, काळजी करू नका, मार्ग आहे. इथे 'मांस नाही' म्हटलं की मासे, कोळंबी आणि बागोओंग चालतं असाच अर्थ घेतात. फसवायचा हेतू नसतो. त्याला चार शब्द पाठ करायला सांगा: "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग, वालांग पातीस." 'वालांग' म्हणजे 'शिवाय'. मांसाशिवाय, माशाशिवाय, मुरवलेल्या जवळ्याशिवाय, माशाच्या पाण्याशिवाय. चारही म्हणायचे, एकही गाळायचा नाही.

काय मागायचं? 'एन्सालादांग तालोंग': भाजलेलं वांगं, कांदा, टोमॅटो, व्हिनेगर. भरीतच ते, त्याला लगेच ओळखेल. वरून बागोओंग नको म्हणायचं. 'तोर्तांग तालोंग'मध्ये अंडं असतं, तेव्हा ते नको. सकाळी खांद्यावर कावड घेऊन "ताहोऽऽ" ओरडत जाणारा माणूस दिसेल. त्याच्याकडे गरम मऊ सोयाचं दही, वर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. संध्याकाळी 'बनाना क्यू', साखरेत तळलेली केळी, काडीवर. आणि दावाव म्हणजे फळांचं गाव. तिथला पोमेलो, मँगोस्टीन, ड्युरियन त्याने खाल्लाच पाहिजे.

'लायिंग' दिसलं की मोहात पडू नको म्हणावं. बिकोल भागातलं हे अळूच्या सुकवलेल्या पानांचं, नारळाच्या दुधातलं कालवण आपल्या अळूच्या फदफद्याचं सख्खं भावंड वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस किंवा सुकी मासळी असतेच. शेवग्याचा पाला मात्र बाजारात भरपूर मिळतो, नाव 'मालुंगाय'. आणि शुक्रवारचे मूग, वर चीफ यांनी सांगितलेच आहेत. फक्त ते बाहेर घेताना आधी विचारायचं. बरेचजण चवीला डुकराचे तुकडे किंवा सुकी मासळी घालतात.

शेवटचं सांगते. त्याने एकच कारिंदेर्या धरावी, रोज तिथेच जावं, आणि मालकीणबाईंना आते म्हणावं. इथे माणूस भेटला की आधी विचारतात, "कुमाइन का ना?" जेवलास का? अनोळखी माणूससुद्धा डबा उघडताना शेजाऱ्याला म्हणतो, "काइन तायो," चला जेवूया. ओळख झाली की त्याची काळजी त्या बाईच घेतील.

---

गॅलीतला_चीफ

@लातूरची_आई, मीही हेच म्हणेन. एकच दुकान धरा. आमच्या कुयांनी शाकाहारी खलाशासाठी वेगळं पातेलं लाल दोऱ्याने खूण करून ठेवलं होतं. चुकून कुणी त्यात पळी घातली तर अख्ख्या गॅलीला ओरडा बसायचा.

---

पाटावरवंटा

आदोबो पुन्हा केला. गोव्याच्या मैत्रिणीने माडाचं व्हिनेगर आणून दिलं. ढवळलं नाही, झाकण ठेवलं नाही. पहिली दहा मिनिटं स्वयंपाकघरात उभं राहवेना, नंतर वास एकदम बदलला, गोडसर झाला. दुसऱ्या दिवशी खाल्ला. यजमानांनी भात दोनदा मागून घेतला. लेकीने सावसावानच्या वाटीत आपल्या घरची हिरवी मिरची आणि लिंबू कालवलं. चालतं ना?

---

माडाखालची

@पाटावरवंटा, अहो, त्यासाठीच तर ती वाटी आहे!

लायिंग करायचं असेल तर अळूची पानं दोन दिवस सावलीत सुकवा आणि नारळाच्या दुधात घातल्यावर ती पूर्ण शिजेपर्यंत ढवळू नका. ढवळलं तर घशाला खाजतं असं बिकोलची प्रत्येक बाई सांगते. मी एकदा ढवळलं होतं आणि पाहुण्यांसमोर सगळं पातेलं टाकावं लागलं. आंबटाला थोडी चिंच किंवा कामियास घाला म्हणजे अजून निर्धास्त.

डिसेंबरात कुणी मनिलात असाल तर १६ ते २४ तारखेला पहाटे चर्चबाहेर जा. मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाची 'बिबिंका' भाजत असतात, निखारे खाली आणि झाकणावरही. गोव्याच्या बेबिंकेशी नाव जुळतं, पदार्थ वेगळा. तिथे एकावर एक थर, इथे एकच जाड आणि मऊ, वर खारवलेलं अंडं आणि किसलेलं खोबरं. केळीच्या पानाची कड करपली की जो वास सुटतो, त्यासाठी मी दरवर्षी चारला उठते.

---

लातूरची_आई

ताई, तुमचं लिहिलेलं मुलाला फोनवर वाचून दाखवलं. वसतिगृहाजवळच्या खानावळीत त्याने ते चार शब्द म्हटले. मालकीणबाई हसल्या नाहीत, नीट ऐकून घेतलं. काल शुक्रवार होता. मूग परतून झाल्यावर, मांस घालायच्या आधी, त्यांनी त्याच्यासाठी वाटीभर बाजूला काढून झाकून ठेवले होते. त्याने भात दोनदा घेतला. पैसे देताना बाईंनी विचारलं, पुढच्या शुक्रवारी किती वाजता येशील.